ऑर्कनीच्या गार पाण्यात

माझी धाकटी नणंद गेल्या हिवाळ्यात मालवणला जाऊन आली आणि समुद्राच्या तळाशी काढलेला आपला फोटो तिने आम्हांला धाडला. पाणी निवळ, अंगात नुसता पातळसा पोषाख, अवतीभवती पट्टेरी माशांचा थवा, आणि मधोमध बाईसाहेब हात हालवताहेत! खाली लिहिले होते, ‘वहिनी, तुम्ही म्हणे तिकडं रीतसर शिकलात. मग तुमचा फोटो कुठाय?’

माझाही एक फोटो आहे. पण तो मी सहसा कुणाला दाखवीत नाही. त्यात एक काळे टोपरे दिसते, टोपऱ्यातून बाहेर आलेले दोन फुगीर गाल दिसतात आणि त्या गालांच्या मध्ये निळसर पडलेले ओठ. मागे समुद्र आहे, पण तो ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखा करडा. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाची सत्तरेक बेटे आहेत, तिथला हा गेल्या जूनमधला फोटो. जून म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. त्या दिवशी पाण्याचे तापमान होते १० अंश. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बाटलीतले पाणी याच्या जवळपासच असते. त्यात डोके बुडवायचे, आणि तेही हौसेने!

ही हौस आम्हांला पन्नाशी उलटल्यावर सुचली. तेलकंपन्यांच्या कामामुळे आम्ही बरीच वर्षे अ‍ॅबर्डीनला आहोत. मुलगा शिकायला दूर गेला आणि घरात दोन माणसे व एक दूरचित्रवाणी उरली. त्या हिवाळ्यात पोहण्याच्या तलावावर ह्यांनी पाणबुड्यांच्या क्लबाची जाहिरात वाचली. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब हा १९५३ साली निघालेला जुना क्लब. गावोगाव त्याच्या शाखा आहेत आणि शिकवणारे सगळे हौशी. हे लगेच नाव घालून मोकळे झाले. मीही घातले. साताऱ्याकडे आजोबांच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी पोहायला शिकले होते, काठावरून उड्या मारल्या होत्या. तेव्हा पाण्याची भीती ती मला काय असणार, असा माझा समज.

तलावातले शिक्षण फार मजेत झाले. पाठीवरच्या टाकीत प्राणवायू असतो असे आपण सारखे वाचतो. तो नसतोच मुळी. साधी हवा असते, दाबून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत अडीच हजार लिटरच्या वर हवा बसते. ती जशीच्या तशी तोंडात आली तर माणूस फुटेल. म्हणून मध्ये रेग्युलेटर नावाचे यंत्र असते. ते आपण जितक्या खोल असू तितक्याच दाबाची हवा, आपण ओढू तेव्हाच देते. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी ही युक्ती चालू केली, आणि तेव्हापासून तुमच्याआमच्यासारख्यांना समुद्राचे दार उघडले.

आम्हांला शिकवणाऱ्या बाई निवृत्त शाळामास्तरीण. साठीच्या पुढच्या, सडपातळ, आवाज मात्र पटांगणभर जाणारा. आम्ही आपसांत त्यांना मास्तरीणबाईच म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता: कुणीही, केव्हाही, पाण्यात उतरण्याआधी किंवा उतरल्यावर, ‘मला नको’ असे म्हणू शकतो. त्याला कारण विचारायचे नाही. तेव्हाही नाही आणि चहा पितानाही नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सोपा वाटला नियम.

शुक्रवारी दुपारी आम्ही पाचजण दोन गाड्यांतून निघालो. आम्ही दोघे, मास्तरीणबाई, पुण्याचे एक डॉक्टर आणि केरळचे एक इंजिनिअर. डॉक्टर इथल्याच इस्पितळात असतात, त्यांची पत्नी पाण्याकडे पाठ करून बसणाऱ्यांपैकी, म्हणून ती आली नाही. पण डबा तिचा आला. मी थालीपिठांची भाजणी, लिंबाचे लोणचे आणि आल्याच्या चहासाठी दोन मोठे थर्मास घेतले होते. गाडीच्या मागे टाक्या, शिशाची वजने, पोषाख, आणि त्या सगळ्यावर आडवी तवा-पोळपाटाची पिशवी. इन्व्हरनेसवरून गिल्स बे साडेतीनशे किलोमीटर. तिथे गाड्यांसकट आगबोटीत चढायचे आणि तासाभरात पेंटलंडची सामुद्रधुनी ओलांडायची. या सामुद्रधुनीतला भरती-ओहोटीचा ओघ जगातल्या मोठ्या ओघांत गणला जातो. वारा नसतानाही पाण्यावर भोवरे फिरताना दिसत होते. मी ते फार वेळ पाहिले नाही.

रात्री साडेदहा वाजता आम्ही मुक्कामी पोचलो तेव्हा सूर्य नुकता बुडत होता. सारे कसे उघडेबोडके आणि हिरवे; झाड म्हणून दिसेना. गाई मात्र अगदी समुद्राच्या कडेपर्यंत चरत होत्या.

ऑर्कनीचे नाव पाणबुड्यांमध्ये पंढरीसारखे घेतले जाते. या बेटांच्या मध्ये स्कापा फ्लो नावाचे विस्तीर्ण, बंदिस्त पाणी आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचे नजरकैदेत ठेवलेले आरमार इथे उभे होते. २१ जून १९१९ रोजी त्याच्या सेनापतीने आपलीच जहाजे बुडवण्याचा हुकूम दिला आणि ७४ पैकी ५२ जहाजे तळाला गेली. पुढे बहुतेक वर काढून भंगारात विकली. सात मोठी जहाजे मात्र अजून तिथेच आहेत आणि त्यांच्यासाठी जगभरातून लोक येतात. पण ती खोल आहेत, होडीतून जावे लागते, आणि आमच्या परवान्याची मर्यादा २० मीटर. आम्ही नवशिकी मंडळी किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणार आणि चालतच बाहेर येणार. त्यासाठी ऑर्कनीत दुसरी एक जागा आहे, आणि तिचीही गोष्ट युद्धाचीच.

१४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री एक जर्मन पाणबुडी पूर्वेकडच्या एका चिंचोळ्या खाडीतून स्कापा फ्लोमध्ये शिरली. वाट अडवण्यासाठी तिथे जुनी जहाजे मुद्दाम बुडवून ठेवली होती. त्यांच्यामधल्या फटीतून, पाण्याच्या पृष्ठभागावरूनच ती आत आली आणि नांगरून पडलेल्या ‘रॉयल ओक’ या ब्रिटिश युद्धनौकेवर तिने पाणतीर सोडले. आठशेच्या वर माणसे मेली. त्यांत शंभराहून अधिक पोरे अठरा वर्षांच्या आतली होती. तेव्हा चर्चिल आरमारखात्याचे मंत्री होते. त्यांनी पूर्वेकडच्या वाटा कायमच्या बुजवायचे ठरवले. लाखो टन दगड आणि त्यावर पाच व दहा टनी सिमेंटचे ६६,००० ठोकळे टाकून चार बांध घातले गेले आणि पाच बेटे एकमेकांना जोडली गेली. हे काम पुष्कळसे इटालियन युद्धकैद्यांनी केले. कैद्यांना लढाईच्या कामाला जुंपायला आंतरराष्ट्रीय कराराची बंदी. म्हणून ‘हे आरमाराचे बांध नव्हेत, हे बेटांवरच्या लोकांसाठी रस्ते आहेत’ असे कागदोपत्री सांगितले गेले. गंमत अशी की, १९४५ च्या मे महिन्यात रीतसर उद्घाटन झाले तेव्हा युरोपातले युद्ध संपले होते आणि ते खरोखरच रस्ते होऊन बसले. आज त्यांच्यावरून शाळेच्या बसगाड्या धावतात.

बांधांमुळे खाडीतला ओघ अडला आणि वाट अडवण्यासाठी बुडवलेली ती जुनी जहाजे शांत, उथळ पाण्यात तशीच राहिली. तिसऱ्या बांधाच्या पूर्वेला तर एका जहाजाचा गंजका सांगाडा पाण्याबाहेर डोके काढून उभा आहे. ‘रेजिनाल्ड’ त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात बुडवलेले. आम्ही तिथे उतरणार होतो.

शनिवारी सकाळी आकाश ढगाळ होते, पण वारा पडलेला. बांधाच्या टोकाशी गाड्या लावून आम्ही पोषाख चढवायला लागलो. गार पाण्यात घालायचा पोषाख कोरडा असतो. गळ्याला आणि मनगटांना रबरी पट्ट्या इतक्या घट्ट की पाण्याचा थेंब आत जाऊ नये. आतून गोधडीसारखे कपडे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते, म्हणून हा सारा बंदोबस्त. पण आतल्या हवेमुळे माणूस फुग्यासारखा तरंगतो, म्हणून मग कमरेला शिसे. मला चौदा किलो लागले! पाठीवर टाकी धरून अंगावर तीस किलोच्या वर बोजा. त्या गळ्याच्या पट्टीतून डोके काढताना डॉक्टर म्हणाले, “वहिनी, आपण सगळे दुसऱ्यांदा जन्म घेतोय.” आणि ते खरेच तसे दिसत होते.

गुडघ्याएवढ्या पाण्यात बरे वाटले. कमरेएवढ्या पाण्यातही बरे वाटले. मग मास्तरीणबाईंनी खूण केली. मी रेग्युलेटर तोंडात धरून तोंड पाण्यात घातले.

काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. कपाळावर आणि ओठांवर कुणी तापलेली पट्टी टेकवावी तसे झाले. होय, तापलेलीच, इतके गार असले की ते गार लागत नाही. श्वास एकदम आत ओढला गेला आणि बाहेर पडायला तयार होईना. मग तो भराभर आत-बाहेर व्हायला लागला, जणू दुसरेच कुणी माझ्या छातीतून घेत होते. मी उभी राहिले. पाणी कमरेएवढेच होते. विहिरीच्या काठावरून उड्या मारणारी मी, कमरेएवढ्या पाण्यात बुडायला लागले होते.

“मला नको,” मी म्हटले.

मास्तरीणबाईंनी मान हालवली आणि शांतपणे “ठीक आहे” म्हणाल्या. इंजिनिअर दुसरीकडे पाहू लागले. पण हे म्हणाले, “का? अगं, पाच महिने शिकून, एवढ्या लांब येऊन, नुसते पाय भिजवून परत?”

मराठीत म्हणाले. तरी मास्तरीणबाईंना कळले असावे, कारण त्यांनी यांच्याकडे असे पाहिले की त्यांच्या शाळेतली पोरे का सरळ बसत असतील ते माझ्या ध्यानात आले.

मी बाहेर आले. बाईंनी माझ्या हातात एक पुठ्ठा आणि पेन्सिल दिली. किनाऱ्यावर एकाने थांबायचेच असते, एरवी ते काम पाळीपाळीने करतात. पुठ्ठ्यावरच्या कागदावर चौघांची नावे, प्रत्येकाच्या टाकीतला दाब, पाण्यात गेल्याची वेळ. “चाळीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “वर दहा मिनिटं झाली की ९९९ फिरवायचं आणि कोस्टगार्ड मागायचा. विचार करत बसायचं नाही.” ११ वाजून १० मिनिटांनी चार काळी टोपरी पाण्याखाली गेली.

पहिली पंधरा मिनिटे मी मनातल्या मनात भांडण्यात घालवली. त्यात काही विशेष सांगण्यासारखे नाही. विवाहित वाचकांना ते भांडण पाठ असेल. बुडबुडे दिसत होते. चार ठिकाणी पाणी उकळल्यासारखे व्हायचे, हळूहळू ‘रेजिनाल्ड’कडे सरकायचे. मी ते मोजीत होते. मग ते सांगाड्याच्या पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले.

त्यानंतर धुके आले. या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्रावरून असे धुके येते, त्याला इथे ‘हार’ म्हणतात. आवाज न करता आले. आधी पलीकडचे बेट गेले, मग सांगाड्याचा निम्मा भाग. मी उठून ठोकळ्यांवर चढले. ते ठोकळे माझ्याहून मोठे, शेवाळाने निसरडे; एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काळोखी फट आणि खाली खळखळणारे पाणी. साडेअकरा. अकरा चाळीस. बारा वाजायला दहा कमी. चाळीस मिनिटे पुरी झाली. पाणी स्वच्छ सपाट. एक सील मात्र डोके काढून माझ्याकडे बघत होता. त्याला मी, विश्वास ठेवा, “कुठं आहेत रे ते?” असे विचारले.

अकरा त्रेपन्न. मी फोन काढला. हातमोज्यातून तो लागेना म्हणून मोजा दाताने ओढून काढला. अकरा पंचावन्न. आता तुम्हांला सांगते, तोपर्यंत मला वाटे की भीती म्हणजे सकाळी पाण्यात जी वाटली ती. ती तर माझ्या एकटीच्या कातडीची होती. उभे राहिले की संपली. ही उभे राहून संपेना. मी कागदाकडे पाहिले. माझ्याच अक्षरात ह्यांचे नाव, पुढे २१० असा आकडा आणि त्यापुढे ‘बाहेर’ या रकान्यात काहीच नाही. रिकामा चौकोन. मी त्यात पेन्सिल टेकवून ठेवली होती, जणू काही लिहायला सुरुवात केली की माणूस येईल.

अकरा अठ्ठावन्नला धुक्यातून मास्तरीणबाईंचा पटांगणी आवाज आला. चौघे सांगाड्याच्या पलीकडून पाठीवर पडून पाय मारीत येत होते. ते वर आले होते वेळेच्या दोनच मिनिटे उशिरा. पण आले ते जहाजाच्या आडोशाला, समुद्राच्या बाजूला, आणि पोहून वळसा घालायला सहा मिनिटे लागली. उशीर कुणामुळे झाला ते मी विचारले नाही. ह्यांना एक भला मोठा खेकडा दिसला होता आणि तो ते सगळ्यांना दाखवीत बसले होते.

“काय दिसलं म्हणून सांगू तुला!” हे पाण्यातून येता येता ओरडले. मी चार चौकोन भरले, पुठ्ठा बाईंच्या हाती दिला आणि गाडीत जाऊन बसले. चहा डॉक्टरांनी ओतला.

दुपारी आम्ही उत्तरेला निघालो. पहिल्या बांधाच्या अलीकडे लॅम होम हे बेट आहे. तिथे कैद्यांची छावणी होती. त्यांनी बांधलेले एक चिमुकले देऊळ आजही तिथे उभे आहे. दोन अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या टोकाला टोक लावून जोडलेल्या. आत गेले की पत्रा नाहीसा होतो. विटा, कोरीव दगड, खिडक्या, सारे रंगवलेले आणि सारे खोटे. डोमेनिको कियोकेत्ती नावाच्या कैद्याने ते रंगवले. वेदीमागचे मायलेकरांचे चित्र त्याने आईने दिलेल्या एका छोट्या चित्रावरून काढले. ते कार्ड लढाईभर त्याच्या खिशात होते. दिवे बीफच्या रिकाम्या डब्यांचे आहेत. लाकूड मिळाले ते एका फुटक्या जहाजातले. १९६० साली त्याला मुद्दाम बोलावून आणले आणि त्याने स्वतःच रंग पुन्हा दुरुस्त केला. तिथे आमच्यातले कुणी बोलले नाही. मी आधीच बोलत नव्हते.

पुढे कर्कवॉल हे मुख्य गाव. तिथल्या लाल दगडाच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये ‘रॉयल ओक’ची घंटा टांगली आहे आणि खाली काचेत एक वही आहे. मेलेल्यांची नावे. जहाज जवळच सुमारे तीस मीटरवर पालथे पडले आहे; ती समाधी मानतात, तिथे बुडी मारायला बंदी आहे. फक्त आरमाराचे पाणबुडे वर्षातून एकदा उतरून तिथे निशाण लावून येतात. वहीचे पान दर आठवड्याला उलटतात. मी समोरचे पान वाचले. नाव, हुद्दा. नाव, हुद्दा. सुबक अक्षरात, ओळीखाली ओळ. माझ्या पुठ्ठ्यावरच्या कागदासारखेच, फक्त शेवटचा रकाना नव्हता.

हे माझ्या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांनीही ते पान वाचले. मग बाहेर पायऱ्यांवर आल्यावर म्हणाले, “सकाळी ‘का’ विचारायला नको होतं मी.” आणि थोड्या वेळाने, “आणि खेकडाही बघत बसायला नको होतं.” पंचवीस वर्षांत एका दिवशी दोन कबुल्या! मी थालीपिठे लावायला घेतली ती त्या संध्याकाळी. मास्तरीणबाईंनी चार खाल्ली, लोणच्यासकट.

तव्यापाशी उभ्या असताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी आधी का सांगितली नाही कोण जाणे. गार पाणी तोंडाला लागले की श्वास उसळतो तो शरीराचा धर्म आहे, त्यात धीर आणि भेकडपणा यांचा संबंध नाही. आणि तो उसळा दोन-तीन मिनिटांत आपोआप बसतो. म्हणून आधी ओंजळीने चेहरा धुवायचा, पुन्हा धुवायचा आणि उभे राहायचे. वाट बघायची. “मी चाळीस वर्षं तसंच करते,” त्या म्हणाल्या. “कुणी पाहत नाही म्हणून कुणाला कळत नाही.”

रविवारी सकाळी पोषाख चढवताना ह्यांच्या मनगटाची रबरी पट्टी टरकन फाटली. जुनी झाली होती. ती चिकटवून वाळवायला एक दिवस जातो. म्हणजे ह्यांचे पाण्यात जाणे संपले. मी काही म्हटले नाही. पुठ्ठा त्यांच्या हातात गेला.

मी आणि मास्तरीणबाई दोघीच एका जोडीने निघालो. कमरेएवढ्या पाण्यात मी टोपऱ्याच्या कडेपर्यंत चेहरा धुतला. पुन्हा धुतला. पाणी तेवढेच गार होते आणि श्वास तसाच उसळला. फक्त या खेपेला तो कधी जाणार ते मला ठाऊक होते. बाई माझ्याकडे न बघता क्षितिजाकडे बघत उभ्या होत्या. किती वेळ गेला कळले नाही. मग मी अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ठीक’ची खूण केली आणि आम्ही खाली गेलो.

अगदी सहा मीटर. दोन मजली घराएवढेही नाही. पण सहा मीटरवर पोषाख अंगाला चहूबाजूंनी आवळू लागतो, छातीवरची कळ दाबून आत थोडी हवा सोडावी लागते. ती मी जरा अधिकच सोडली आणि हवा पायांत जाऊन माझे पाय वर, डोके खाली झाले. बाईंनी मला एका हाताने पकडून, बाटली सरळ करावी तशी सरळ केली. त्यानंतर मला दिसायला लागले.

वरून जो समुद्र करडा दिसतो तो आत हिरवा आहे. केल्प नावाचे समुद्रशेवाळ माणसाहून उंच वाढते. त्याच्या तपकिरी पानांचे पट्टे एकाच वेळी एका बाजूला कलतात, थांबतात, परत येतात, ज्वारीच्या शेतातून वारा जावा तसे. त्यातून एकदम जहाजाच्या बरगड्या उभ्या राहिल्या. लोखंड म्हणून ओळखू येणारी जागा तिच्यावर जवळजवळ नव्हतीच. पांढरी आणि केशरी समुद्रफुले, मऊ झिपऱ्यांची, बोटाएवढ्यापासून हातभर उंचीची, एकमेकांना खेटून. त्यांच्याखाली ‘डेड मॅन्स फिंगर्स’ म्हणून एक पोवळ्याच्या जातीचा जीव असतो. नाव भयंकर, पण पांढऱ्या बोटांवर पिसासारखी बारीक लव फुललेली. जांभळट गुलाबी सी अर्चिन लाडवांसारखे जागोजाग ठेवलेले. मालवणचे मासे रंगीत असतात आणि पळत असतात. इथे रंग भिंतीला चिकटलेला असतो, आणि तो पाहायला जवळ जावे लागते, दिवा धरावा लागतो, थांबावे लागते. दिवा बाजूला केला की पुन्हा सारे हिरवेकरडे.

लोखंडाच्या एका पत्र्याखाली तो बसला होता. तोच असावा. तांबूस पाठ, कडेला करंजीसारखी मुरड, नांग्यांची टोके काळी. मी दिवा धरला तसा तो आणखी आत सरकला आणि एक नांगी दारासारखी आडवी लावून घेतली. मी किती वेळ बघत राहिले असेन? मला वाटले दोन मिनिटे. बाईंनी माझ्या दंडाला हात लावून घड्याळ दाखवले. सहा मिनिटे झाली होती. तेव्हा मी ह्यांना मनातून बरेच काही माफ करून टाकले.

अठरा मिनिटांनी माझी बोटे दुखायला लागली, मग दुखायची थांबली, आणि ते वाईट लक्षण असते. मी अंगठा वर केला. बाई तिथल्या तिथे वळल्या. ‘का’ नाही, ‘थोडं थांब’ नाही.

डोके वर काढले तेव्हा बाविसावे मिनिट होते. आम्ही तीस सांगितली होती. हे किनाऱ्यावर नव्हते, पाण्यात होते. बूट-पँटसकट मांडीपर्यंत उभे, पुठ्ठा डोक्याच्या उंचीला धरलेला आणि दुसऱ्या हातात घड्याळ. डॉक्टर मागे कोरड्या दगडावरून ओरडत होते, “अहो, आठ मिनिटं आहेत अजून, बाहेर या!”

“बुडबुडे दिसेनात,” हे मला म्हणाले. दात वाजत होते, त्यांचे.

“जहाजाच्या पलीकडं होतो आम्ही.”

“ते कळलं नंतर.”

त्यांनी ‘बाहेर’च्या चौकोनात वेळ लिहिली. हात इतका कापत होता की तो आकडा दोन आहे का सात, यावर आगबोटीत इंजिनिअरांनी आणि डॉक्टरांनी बराच खल केला. माझा फोटो त्याच वेळचा, डॉक्टरांनी काढला. ह्यांचा एक पाय त्यात कडेला आला आहे, बुटातून पाणी गळताना. नणंदेला तो पाठवावा की नाही हे अजून ठरत नाही.

घरी आल्यावर पोषाख गोड्या पाण्यात धुऊन न्हाणीघरात टांगले, तर दोन माणसे गळफास लावून घेतल्यासारखी ती रात्रभर दिसत होती. हातमोजे चार दिवस वाळले नाहीत. मनगटाची नवी पट्टी मागवली. सप्टेंबरात तिकडचे पाणी बारा-तेरा अंशांपर्यंत चढते असे मास्तरीणबाईंनी कळवले आणि पाचही जणांनी होकार दिला. फक्त पहिल्या दिवशी पुठ्ठा कुणी धरायचा, यावर पाचही जण गप्प आहेत.